पंख वरच पायजे

किसनभाऊंच्या घरी चहा प्यायचा असेल तर आधी कांदा मोजायच्या काट्यावर उभं राहावं लागतं. पाहुणा असो, सोयरा असो, विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असो, भाऊ त्याला दंडाला धरून काट्यावर चढवणार, आकडा खडूने भिंतीवर लिहिणार आणि मगच आत हाक मारणार, "सुमन, च्या टाक."

याला कारण विमान. पिंपळवंडीत भाऊंचं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॉल्या, ग्रिलं, द्राक्षाच्या मांडवाचे अँगल ही पोटापाण्याची कामं. दुकानामागच्या उंच पत्र्याच्या शेडमध्ये मात्र ते कित्येक वर्षं दोन सीटचं विमान बांधतायत. पहिलं बांबूचं आणि मेणकापडाचं होतं. ते वाऱ्याने नेलं, पण भाऊंना न घेता. दुसरं तुषार सिंचनाच्या पायपांचं. ते माळावर जेमतेम धावलं आणि शेजाऱ्याच्या झेंडूत जाऊन बसलं. हल्लीच्या तिसऱ्याला जुन्या मोटारीचं इंजिन आहे. तिन्हींमध्ये सगळं बदललं, दोनच गोष्टी बदलल्या नाहीत. सीट दोन, आणि पंख डोक्यावर, छपरासारखा.

मी एसटीत कंडक्टर होतो. उभी नोकरी नारायणगाव, मंचर, पेठ करत "पुढं सरका" म्हणण्यात गेली. निवृत्त झाल्यावर पुढे सरकवायला कोणी उरलं नाही, म्हणून रोज सकाळी भाऊंच्या शेडमध्ये जाऊन बसतो. विमानात मी जन्मात बसलेलो नाही. पण मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिलेले असल्यामुळे सल्ला द्यायला कमी करत नाही.

"भाऊ, पंख खाली घ्या. आणि एकाच सीटचं करा. हलकं होईल, लवकर उडेल."

"मास्तर, पंख वरच पायजे. अन् शीटं दोनच."

"पण का?"

"पायजे म्हणून."

दुसऱ्या सीटवर कोण बसणार, हे ते सांगत नसत. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बाकीच्यांना ते एकदाच काट्यावर चढवत, मला मात्र रोज. यावरून जो निष्कर्ष कोणीही काढला असता तो मी काढला आणि स्टँडवर सगळ्यांना सांगून टाकला. काळा गॉगल घेतला. आमची ही म्हणाली, "एसटीच्या टपावर चढताना तुम्हाला चक्कर यायची, ते इसरलात का?" मी अशा बोलण्याकडे लक्ष देत नाही.

उलट विमानाला आपला भार नको म्हणून मी भात सोडला. सकाळ-संध्याकाळ कॅनॉलच्या कडेने चालायला लागलो. महिन्याभरात तीन किलो उतरलो आणि मोठ्या ऐटीत काट्यावर उभा राहिलो. आकडा बघून भाऊंचा चेहराच पडला.

"मास्तर, तुमी बारीक का व्हताय? घरी जेवाया घालत न्हाईत का?"

"विमानासाठीच कमी केलंय, भाऊ."

"खावा की राव जरा! माझं सगळं माप चुकतंय!"

मला वाटलं, कौतुक करायची त्यांची पद्धत असेल.

त्याच सुमारास सुमनवहिनींच्या चहात साखरेऐवजी मीठ येऊ लागलं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी गप्प प्यायलो. दुसऱ्यांदा आलं तेव्हा माझी खात्री पटली की रोज येऊ नका, असा हा इशारा आहे. इशारे न कळल्यासारखं दाखवण्यात माझी हयात गेली आहे. मी तोही कप संपवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर झालो. पण तिसऱ्यांदा मात्र मला राहवेना.

"भाऊ, वहिनींना माझं येणं आवडत नाही का?"

भाऊंनी वेल्डिंगचा चष्मा काढला. कपातला एक घोट स्वतः घेतला.

"तिला दिसत न्हाई, मास्तर. डबा कंचा हाय ते कळत न्हाई. डाक्टर म्हन्ले, आसंच कमी कमी व्हत जानार." मग कप खाली ठेवून म्हणाले, "दुसरं शीट तिचं हाय."

"आणि माझं रोज वजन?"

"ती काट्यावर चढंना. म्हन्ती, मी काय कांद्याची गोण हाय का? तुमी अन् ती वजनाला सारकीच. म्हणून तुमाला मोजत व्हतो."

मी गॉगल खिशात घातला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. वहिनींचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं. लग्नाच्या आधीच ते गाव धरणात गेलं. त्यामुळे जावई म्हणून भाऊ तिथे कधी गेलेच नव्हते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की भिंती उघड्या पडतात, पण काठावरून नुसता गाळ दिसतो, गल्ली कुठली आणि घर कुठलं ते कळत नाही. नजर आहे तोवर वहिनींना ते एकदा वरून दाखवायचं होतं.

"पंख खाली घेतला तर निस्ता पंखच दिसंल. गाव कुठून दिसायचं?"

इतकी वर्षं मी या माणसाला पंख खाली घ्या म्हणून सांगत होतो. मला माझ्या तिन्ही व्हिडिओंची लाज वाटली.

"मग उडवायचं कधी?"

"परवानगीचा कागूद धाडला की उलट नवा कागूद येतो. अन् परवानगीबिगर तिला वर न्यायची न्हाई. ती काय झेंडूत नेऊन बसवायची हाय का?"

पुढच्या रविवारी सकाळी भाऊंचा फोन आला. "मास्तर, गॉगल घिऊन या."

शेडमध्ये विमान चेनपुलीला टांगलेलं होतं. खाली सगळ्या फरशीवर पांढरी फक्की, कबड्डीचं मैदान आखतात ती. जाड रेघांनी एक गाव काढलेलं होतं. गल्ली, देऊळ, विहीर, पार, घरं. वहिनी आधीच एका सीटवर बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून.

"तुमी दुसऱ्या शीटवर बसा," भाऊ म्हणाले. "एका अंगाला भार झाला तर कलंल."

अशा रीतीने मी पायलटच्या जागेवर बसलो. भाऊ खालून साखळी ओढू लागले आणि आम्ही खडखड करत वर निघालो. पत्र्याला टेकायच्या बेतात थांबलो. मी डोळे गच्च मिटले होते.

"मास्तर, डोळं उघडा, आलो वर," वहिनी म्हणाल्या. त्या बाहेर वाकून खाली बघत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, पार डावीकडं व्हता."

भाऊंनी पायाने पार पुसला, डब्यातली फक्की घेऊन डावीकडे काढला. "हितं?"

"आजून पुढं सरका. हां. अन् आमच्या दाराला जोतं व्हतं. ते न्हाई काढलं तुमी."

भाऊंनी जोतं काढलं. मान वर करून विचारलं, "दिसतंय का, सुमन?"

"दिसतंय. आता बसा त्याच्यावर. पावणं आलं की तिथंच बसायचं."

भाऊंनी हात झटकले, टोपी नीट केली आणि फक्कीच्या त्या चौकोनात मांडी घालून बसले. मी हळूच गॉगल लावला.