ऐसपैसांचा जनरेटर

सगळी गल्ली त्यांना ऐसपैस म्हणायची. पायजमा घेतला तर त्यात आणखी एक माणूस मावायचा, पातेलं आणलं तर ते शेगडीवर बसायचं नाही. अशा माणसाने आईसाठी जनरेटर आणायला एकट्याने जायचं ठरवलं, तिथेच माती खाल्ली.

आईच्या छातीत काही उरलं नव्हतं. उशाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरायचं, नाकात नळी असायची, तेव्हा कुठे म्हातारी बोलायची. (बोलायची म्हणजे मुलाला शिव्या द्यायची.) दुपारी वीज गेली की मशीन बंद. मग लहानसा सिलिंडर लावायचा आणि त्याच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा खाली यायचा, म्हातारीचे ओठ निळे पडायचे.

दुकानदाराने विचारलं, "लोड किती?"

एक मशीन, एक पंखा, एक दिवा. एवढंच सांगायचं होतं. पण ऐसपैसांना त्यात कमीपणा वाटला. त्यांनी गीझर सांगितला, मिक्सर सांगितला, पाण्याची मोटर सांगितली (ती घरात नव्हतीच, पुढेमागे घेणार होते). दुकानदारालाही बंद कारखान्यातलं एक धूड गळ्यात मारायचं होतं. ते क्रेनने अंगणात उतरलं, नेमकं आईच्या खिडकीखाली. दुसरीकडे मावेना.

"अहो, घर चालवायचंय की आगगाडी?" बायको म्हणाली.

"अगं, आईच्या बाबतीत हात आखडता कशाला?"

धूड सुरू झालं. फळीवरची भांडी नाचली, म्हातारीला श्वास मिळाला, ऐसपैसांची छाती फुगली. पण काही दिवसांतच धुडाच्या धुराच्या नळीतून काळं तेलकट पाणी गळायला लागलं. दोरीवरची चादर कोळशाच्या पोत्यासारखी दिसायला लागली.

मिस्त्री आला. "साहेब, हा अर्धपोटी चालतोय. एवढ्या इंजिनाला एवढंसं काम. ते तापत नाही, डिझेल नीट जळत नाही. लोड द्या, नाहीतर जाम होईल."

शहाण्याने जनरेटर बदलला असता. ऐसपैसांनी लोड शोधला. वीज गेली रे गेली की गीझर लाव, इस्त्री लाव, भर उन्हाळ्यात हीटर लाव. तरी पुरेना, म्हणून ते कुंपणावरून ओरडायचे, "वहिनी, मिक्सर घेऊन या, काय वाटायचं ते वाटून जा!"

"काही वाटायचं नाहीये, भाऊजी."

"मग नुसता फिरवा!"

घराची भट्टी झाली. "मेल्या," म्हातारी धापा टाकत म्हणाली, "मला जगवतोयस की भाजतोयस?"

एका दुपारी धूड खोकलं, काळा धूर खिडकीतून थेट आईच्या तोंडावर आला, आणि सगळं थांबलं. बायकोने सिलिंडर लावला. काटा आधीच खाली होता. ऐसपैस हातात गरम इस्त्री घेऊन तसेच उभे. म्हातारीचे डोळे पांढरे व्हायला लागले, बायको तिचे तळपाय चोळत होती, आणि कुणालाच काही सुचत नव्हतं. वीज आली ती आपली आपण आली. ऐसपैसांचा त्यात काडीचा हात नव्हता.

बायको उठली. "आता मी जाते. तुम्ही घरातून हलायचं नाही."

तिने दुकानातला माणूस, लहानसा जनरेटर आणि जादाचा सिलिंडर, सगळंच घरी आणलं. म्हातारीला सिलिंडरवर ठेवलं आणि त्या माणसाला म्हणाली, "आधी हे मशीन याच्यावर चालवून दाखव. सुरू होताना ते जास्त वीज ओढतं, तेव्हा याने दम टाकला तर उचलून परत न्यायचं." जनरेटरने एक हिसका घेतला, सावरला आणि मशीन चालू झालं. वर पंखा आणि दिवाही चालला. तिने तो अंगणाच्या पार टोकाला ठेवला, धुराची नळी रस्त्याकडे वळवली. धूड भंगारात गेलं.

पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा लांबून नुसती फटफट ऐकू आली. म्हातारीच्या ओठांवर हळूहळू रंग चढला. ऐसपैस पलंगावर वाकले. त्यांचे डोळे भरून आले.

"आई, आता हवा पुरतेय ना? अजून काही करू?"

म्हातारीने एक सावकाश, पुरेपूर श्वास घेतला.

"तू बाहेर जाऊन बस. तू आत असलास की कमी पडते."

बायकोने दार उघडून धरलं.