वामनराव वकिलांचे झुमके

वामनराव वकील पक्षकाराच्या कागदांआधी त्याच्या बायकोचे कान बघत. कान रिकामे दिसले, की त्यांच्या काळ्या कोटाच्या खिशातून मण्यांचे झुमके निघालेच म्हणून समजा.

"वकीलसाहेब, आमच्या धुऱ्याच्या भांडनाचं काय झालं?" शेताच्या बांधावरून कोर्टात आलेली बाई काकुळतीनं विचारायची.

"धुरा कुठं पळून जाते? तू आधी हे पाह्य. हिरवे देऊ का निळे?"

मी त्यांचा ज्युनिअर. अमरावतीहून दर्यापूरच्या कोर्टात आम्ही रोज काळीपिवळी जीपनं जायचो. वलगाव येईपर्यंत त्यांचा एक झुमका ओवून व्हायचा. मग खड्डा यायचा, मणी सांडायचे आणि कोंबून बसलेला प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायाखाली मणी शोधू लागायचा. वामनराव मात्र शांत. "सापडतील तेवढे द्या. बाकीचे गाडीले बक्षीस!"

एकदा उलटतपासणी ऐन रंगात आली असताना त्यांच्या खिशातून एक लाल मणी घरंगळला, तो थेट न्यायाधीशांच्या पुढ्यात.

"वकीलसाहेब, हा पुरावा आहे का?"

"नाही साहेब. विक्रीला आहे."

मधल्या सुट्टीत साहेबांनी बायकोसाठी एक जोड घेतला.

झुमक्यांचा सगळा पैसा नागपूरच्या एका दवाखान्यात जायचा. तिथं लहान मुलांच्या कॅन्सरवर संशोधन चालायचं. लोक विचारत, "कोन्या लेकराच्या इलाजासाठी हो?"

"ते अजून जन्माले आलं नाही."

म्हातारा सटकला, असं म्हणून लोक हसत. वामनराव चिडत नसत. "पेशंटले सारे देतात. त्याचा चेहरा दिसते ना! पन जे औषध अजून सापडलंच नाही, त्याच्यासाठी कोन देईन?"

वऱ्हाडात ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता. लग्नाच्या मांडवातसुद्धा बायकांच्या अंगावर सोनं दिसेना. अशात मणी कोण घेणार, असं मला वाटायचं. पण बायका घेत. "सोनं नाही तं तेवढंच ल्यायले होते," म्हणत आणि तिथंच कानात घालत. खरं सांगायचं तर लाज मलाच वाटायची. वकिली शिकायला आलो आणि मण्यांचा डबा वाहतोय!

एका वर्षी ते चेक द्यायला मला सोबत नागपूरला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर वरूडकडची एक मुलगी आईसोबत बसली होती. पिंकी तिचं नाव. वय नऊ. डोक्यावर केस नुकतेच फुटलेले.

"हिच्या आजारावर पूर्वी आमच्याकडे काही नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता आहे. ही बरी झाली."

 वामनरावांनी झुमक्यांचा डबा पिंकीपुढे धरला. तिनं सगळा डबा निरखला.

"मले लाल पाह्यजे. याच्यात नाही."

वामनराव तिथंच बाकावर बसले. सुटे लाल मणी काढले आणि ओवू लागले. आमची बस चुकणार होती. मी घड्याळ दाखवलं, तर त्यांनी मान वर केली नाही.

"हे मला मंजूनं शिकवलं," ते हळूच म्हणाले. "माझी मुलगी. दवाखान्यात पडल्यापडल्या मणी ओवायची. माझी गाठ सुटली की रागवायची. नऊ वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, यावर अजून औषध नाही."

वामनरावांना मूलबाळ नाही, असंच सारं कोर्ट समजत होतं. मीही.

"मी घरी येऊन त्या 'अजून'चाच विचार करत बसलो. अजून नाही म्हणजे निकाल लागला नाही. तारीख पडली. मग तारखेला हजर राहायला नको?"

लाल झुमके तयार झाले. पिंकीनं कानात घातले आणि मान हलवून पाहिली. तिच्या आईनं पदराची गाठ सोडून दहाची नोट पुढे केली. मी घाईघाईनं नको म्हणणार, तोच वामनराव उठून उभे राहिले. त्यांनी ती नोट दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.

"तुमचे लई उपकार झाले, बाई," ते म्हणाले. "बरी झालेली पोरगी पाह्याले भेटली."