टाकी उजवीकडे

काटेवाल्यांच्या गाडीत इंजिन बसलं होतं, सीट बसल्या होत्या, हॉर्नसुद्धा बसला होता. पेट्रोलची टाकी तेवढी बसायची राहिली होती आणि ती कुठे बसवायची यावर एकमत होत नव्हतं.

उभी नोकरी मालट्रकच्या वजनकाट्यावर काढल्यामुळे त्यांना सगळे काटेवालेच म्हणत. निवृत्त झाले त्याच वर्षी बायको गेली आणि घरात बोलायला रेडिओ उरला. तो एकतर्फी बोलायचा. शेवटी त्यांनी भंगारातून एका जुनाट मोटारीचा सांगाडा आणला आणि तिची हॉट रॉड करायला घेतली. हॉट रॉड म्हणजे आजोबांच्या वयाच्या गाडीचं छप्पर उडवायचं, तिच्या पोटात नातवाच्या वयाचं इंजिन घालायचं आणि लोक वळून बघतील अशी आशा करायची. लोक वळून बघत होते, हे खरं. गाडी तेव्हा विटांवर उभी होती.

"टाकी मागे डिक्कीत टाका," वेल्डर म्हणाला. सगळं जोडकाम त्याच्याकडे होतं. "सगळ्या जगाची तिथेच असते."

"मागून कोणी ठोकलं म्हणजे?"

"मग सीटच्या पाठीशी."

"सीट पुढे सरकेल. स्टिअरिंग पोटात जाईल."

"तुम्हाला पोट आहे कुठे?" हेही खरंच होतं. काटेवाले फुंकर मारली तर उडतील असे होते. "बरं, मग पूर्वीच्या गाड्यांसारखी पुढे, काचेखाली."

"म्हणजे पेट्रोल मांडीवर घेऊन फिरायचं. नको."

"मग सरळ डावी सीट काढून टाकू," वेल्डर म्हणाला. "तिथे ऐसपैस बसेल. नाहीतरी तुम्ही एकटेच आहात."

काटेवाले हातातला पाना पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

"सीट राहील," ते म्हणाले. वेल्डरने जीभ चावली आणि विषय तिथेच सोडला.

शेवटी निर्णय काटेवाल्यांनीच घेतला, आणि त्यांच्या पद्धतीने घेतला. गाडीतली एकेक वस्तू तोलली, सगळी वजनं मनातल्या मनात मांडली आणि जाहीर केलं की टाकी उजव्या अंगाला, चालकाच्या सीटखाली. सायलेन्सर डावीकडून जात होता, त्यामुळे त्याच्या धगीपासूनही ती लांब राहणार होती. वेल्डरने मान हलवली आणि टाकी जोडली. वजनाच्या बाबतीत काटेवाल्यांशी वाद घालणारा माणूस अजून जन्मायचा होता.

पहिल्या फेरीला अख्खी गल्ली जमली. टाकी काठोकाठ भरली, काटेवाले ऐटीत चढून बसले आणि गाडी उजवीकडे कलली. चांगली कलली, कोणाच्या कानात काही सांगायला वाकावं तशी. तशीच ती कोपऱ्यापर्यंत गेली. मागचं चाक मडगार्डला घासून असं किंचाळत होतं की पलीकडच्या इमारतीतल्या बायका खिडकीत आल्या. कोपऱ्यावरून काटेवाले गाडी ढकलत परत आले.

"हिशेबात काटा मारलात की काय?" वेल्डर म्हणाला. "डाव्या बाजूला काही धरलंच नव्हतं का?"

"धरलं होतं."

"काय?"

काटेवाल्यांनी डाव्या सीटवर हात ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "हिला."

बायको अंगाने भरलेली होती. एकदा डबा द्यायला आली आणि गंमत म्हणून थेट काट्यावर चढली. काट्याने ऐंशी किलो दाखवले, तेव्हा यंत्र बिघडलंय, साहेबांना कळवा, असं बजावून ती घरी गेली. दोघांच्या वजनातला हा फरक भरून काढायला त्यांनी टाकी आपल्या बाजूला घेतली होती. गणित करताना ती शेजारी बसलेलीच होती, त्यांना वेगळं आठवावंही लागलं नव्हतं. हिशेब बरोबर होता. माणूस नव्हतं.

वेल्डर काही वेळ चपलेने माती उकरत राहिला. "दोन तासांचं काम आहे," तो म्हणाला. "उद्या टाकी डिक्कीत टाकतो."

"बघू," काटेवाले म्हणाले.

त्यांनी डाव्या सीटवर वाळूचं पोतं ठेवून बघितलं. पहिल्याच गतिरोधकावर पोतं फुटलं आणि वाळूची रेघ सोडत गाडी घरी आली. रस्ता झाडणारी बाई त्या रेघेचा माग काढत दारात आली आणि जे बोलली ते काटेवाल्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग पाण्याचं पिंप ठेवलं. वळण आलं की पाणी आपल्या मर्जीने कुठेही जायचं आणि गाडी त्याच्या मागोमाग. काटेवाले गुडघ्यापर्यंत भिजून परतले, तेव्हा फाटकात मेहुणे उभे होते.

मेहुणे म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पुढच्याच गल्लीत एकटे राहायचे. भिंतीवरची जुनी घड्याळं दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान होतं, तेही आता बंद केलेलं. बहीण होती तोवर दर रविवारी यायचे. ती गेल्यावरही दोन-चारदा आले, पण दोघंही भिंतीकडे बघत बसायचे. मग येणंच थांबलं. आज गल्लीतली बोंब कानावर आली म्हणून आले होते.

काटेवाल्यांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. बांधा थेट बहिणीचा होता.

"मेहुणे, जरा बसा."

"कशाला?"

"बसून तर बघा."

मेहुणे डाव्या सीटवर बसले, काटेवाले उजव्या. गाडी सरळ झाली. वेल्डरने पाणसळ लावून पाहिली, बुडबुडा मधोमध.

"म्हणजे मी पोतं?" मेहुणे म्हणाले.

"पोतं फुटतं, भाऊ. तुमचं तसं नाही."

तेव्हापासून संध्याकाळ झाली की मेहुणे कुरकुरत हजर होऊ लागले. वारा लागतो, पाठ धरते, टाकी कुठे ठेवावी हे शेंबड्या पोरालाही कळतं, हे सगळं रोज व्हायचं. मग गावाबाहेरच्या झाडांच्या रस्त्याला लागलं की बोलणं आपोआप ताईवर यायचं. ती लहानपणी झोपाळ्यावरून कशी पडली ते एकजण सांगायचा, ती पडण्याचा दोष कोणाला द्यायची ते दुसरा. काटेवाल्यांना संध्याकाळ पुन्हा आवडू लागली. घरी येऊन ते रेडिओ लावायला विसरू लागले.

आणि डॉक्टरांनी मेहुण्यांची साखर बंद केली.

"वजन उतरवा म्हणालेत," मेहुण्यांनी सांगितलं, आणि खरोखरच उतरवायला लागले. गाल बसले, पट्ट्याला नवी भोकं पडली आणि गाडी पुन्हा उजवीकडे झुकू लागली. काटेवाल्यांनी बिस्किटांचा पुडा पुढे केला, मेहुण्यांनी तो मागे सारला. काटेवाल्यांनी तो परत खिशात ठेवला. वजनासाठी बोलावलेला माणूस, वजनच उरलं नाही तर येईल कशाला? म्हणून त्यांनी गुपचूप टाकीत पेट्रोल कमी भरायला सुरुवात केली. आपली बाजू हलकी झाली की झालं.

झालं भलतंच. गाडी डावीकडे कलू लागली. उद्या मेहुणे आणखी उतरतील या धास्तीने त्यांनी पेट्रोल आणखी कमी केलं, दुसऱ्या दिवशी गाडी आणखी डावीकडे. मेहुणे चोरून गोड खातात, अशी काटेवाल्यांची खात्री पटली. मनातून ते सुखावलेच, पण धास्ती काही जाईना, म्हणून पेट्रोल कमी करत राहिले. शेवटी झाडांच्या रस्त्यावर, दोन्हीकडे शेतंच शेतं असताना, गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

"किती घातलं होतं?" मेहुण्यांनी विचारलं.

"तळापुरतं."

"का?"

"तुम्ही बारीक झालात," काटेवाले समोर बघत म्हणाले. "गाडी कलली असती. मग तुम्ही म्हणाला असतात, आता माझं काय काम."

मेहुणे खाली उतरले. उतरताना खणखण आवाज झाला. त्यांनी कोटाच्या एका खिशातून घड्याळाचं पितळी वजन काढून गवतात ठेवलं. मग दुसऱ्या खिशातून. मग आतल्या खिशांतून, आणि शेवटी खाली वाकून मोज्यांतून. गवतात पितळेचा छोटासा ढीग झाला.

"तरीच," काटेवाले म्हणाले, "एवढ्या उकाड्यात कोट."

"दुकानात पडूनच होती," मेहुणे म्हणाले. "मला वाटलं, मी हलका झालो की तुम्ही दुसरं कोणी बघाल. नाहीतर टाकी हलवाल. मग संध्याकाळी मी कुठे जायचं, भाऊजी?"

काटेवालेही उतरले. दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून गाडीकडे बघू लागले. टाकी रिकामी, सीट रिकाम्या, आणि गाडी चारी चाकांवर अगदी सरळ उभी होती. इतकी सरळ ती आजवर कधी उभी राहिली नव्हती. तिला दोघांपैकी कोणाचीच गरज नव्हती.

काटेवाल्यांनी वेल्डरला फोन लावला. त्याचा आवाज मेहुण्यांनाही ऐकू येत होता. "कॅन घेऊन निघतो," तो म्हणाला, "तुम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत या. आणि आता तरी ऐका काका, उद्या टाकी मागे टाकून देतो. मग तुम्हाला कोणाची गरज लागणार नाही."

मेहुण्यांनी काटेवाल्यांच्या हातातून फोन घेतला.

"टाकी आहे तिथेच राहील," ते म्हणाले आणि फोन बंद करून परत दिला. मग उजव्या बाजूला जाऊन, बाहेरूनच एक हात स्टिअरिंगवर ठेवून त्यांनी खांदा लावला. दुसऱ्या बाजूने काटेवाल्यांनी लावला. गाडी कशीबशी हलली.

"भाऊजी," थोडं पुढे गेल्यावर मेहुणे धापा टाकत म्हणाले, "तुमच्या बाजूने जोर कमी पडतोय."