साल सरकारचं, म्हैना आईचा

एका म्हाताऱ्या माणसाला मी त्याच्या जन्माचा महिना खोटा सांगितला. ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटेल. कुणाचं घर मोडलं नाही, कुणी तुरुंगात गेलं नाही. पण ज्याला सांगितला ते महिपती तात्या होते, आणि तात्यांच्या लेखी माणसाजवळ जन्माच्या महिन्याइतकी मोलाची दुसरी वस्तू नव्हती. म्हणून आधी तात्या सांगतो. माझं पाप त्यात आपोआप येईल.

तात्या आमचे शेजारी. इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव पाटाच्या कडेला, आणि तात्या निवृत्त पाटकरी. म्हणजे कालव्याचं दार उघडून कुणाच्या उसाला कधी पाणी द्यायचं ते बघणारे. गावात कुणी नवं माणूस आलं, की तात्या त्याला नाव विचारत नसत, गाव विचारत नसत. विचारत, “म्हैना कंचा?” एकदा शेजारच्या आळीत नवा जावई पहिल्या सणाला आला. चहा पुढं येण्याआधी तात्यांनी त्याला गाठला. दोघं नवरा-बायको वैशाखाचे निघाले, तेव्हा तात्या सासऱ्याला म्हणाले, “दोन वैशाख एका छपराखाली? दारात पाण्याचं पिंप भरून ठेवा, पाव्हणं.”

जन्मतारखेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि याला आमचा धंदा कारण आहे. मी प्राथमिक शिक्षक. पोर शाळेत आणून उभं केलं आणि आई-बापाला तारीख सांगता आली नाही, की आम्ही गुरुजी लोक एक जून लावून मोकळे होत असू. निम्मा तालुका असा एक जूनचा. तात्या त्यावरून मला चारचौघांत सोलायचे.

“एक जूनला तालुक्यातल्या समद्या बाया एकदम बाळंत झाल्या व्हय, गुरुजी? सुईणी पुरल्या कशा?”

मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य ठरलेलं असे. “साल सरकारचं आसतंय. म्हैना आईचा.”

महिना शोधायची त्यांची रीत अशी. माणसाला समोर बसवायचं आणि त्याच्या आईनं कधीकाळी काय सांगितलं ते काढून घ्यायचं. पीक काय होतं, पाटाला पाणी होतं का, मुलखात काय घडलं होतं. सायकलवाला शंकर म्हणाला, “आई सांगायची, पानशेत फुटल्याची बातमी आली तवा ती उसात खुरपत हुती. पुढल्या हप्त्यात मी झालो.” तात्यांनी डोळे मिटले. “आषाढ. म्हनून तुजं तोंड मिटत न्हाय. आषाढाचं माणूस संततधार.” दुसरा एक जण गांधीबाबा गेले तेव्हा दीड महिन्याचा होता. “मार्गशीर्ष,” तात्या म्हणाले. “ह्यो गुरुवारी कुणाला उसनं देयाचा न्हाय.” तो माणूस कुठल्याच वारी देत नसे, हा भाग वेगळा.

मी झालो तेव्हा ज्वारी हुरड्यात होती, असं माझी आई सांगे. तात्यांनी मला पौष देऊन टाकला. “पौषाचं माणूस वाईट न्हाय. पर पौषात लगीन न्हाय, मुहूर्त न्हाय, समदं म्होरल्या म्हैन्यात. तसं ह्येंचं. काम उद्यावर टाकत्यात.” लोक हसले, मीही हसलो.

तात्यांना मूलबाळ नव्हतं, बायको लवकर गेली होती. पेन्शनच्या कागदांचं काही काम निघायचं, तेव्हा मी त्यांना इंदापूरला घेऊन जात असे. एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट असेल. कारकुनानं मान वर न करता जन्मतारीख विचारली.

“सरकारी सांगू का खरी?” तात्या म्हणाले.

कारकून थट्टेखोर होता. “खरी सांगा की, आजोबा.”

 एरवी या वाक्यावर तात्यांनी त्याला अर्धा तास बसवून ठेवला असता. त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं “एक जून” म्हणून टाकलं. परतीच्या एसटीत मी विचारलं, “तात्या, सगळ्या गावाचा महिना तुम्ही काढला. तुमचा कुठला?”

“माजा गावला न्हाय,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मग कळलं ते असं. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड बांधून कळप घेऊन निघायचे, बारामती, भोर करत घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. त्या वाटेवरच कुठंतरी तात्या झाले. बाप असेपर्यंत त्याबद्दल बोलला नाही. त्या वेळच्या माणसांपैकी एक सरूआत्या तेवढी जिवंत होती, बारामतीच्या पलीकडं एका वस्तीवर.

“मग जाऊन विचारा की.”

“दोनदा गेलो. मला बघितलं की रडायलाच लागती, बोलत न्हाय.” मग म्हणाले, “तुमी परकं हाय. परक्याला माणूस सांगतं. तुमी तर दर ऐतवारी बारामतीला जाताच.”

जात होतोच. माझी सासुरवाडी बारामतीची. पुढच्या रविवारी तात्यांनी फाट्यावर येऊन माझ्याकडून प्रश्न पाठ करून घेतले. “म्हैना आठवत न्हाय म्हनली तर गवत इचारा. हिरवं का वाळल्यालं? मेंढरं कुणाच्या रानात बसवली हुती? रानात काय हुतं?” मला वाटलं, म्हाताऱ्याला स्वतःचं भविष्य बघायचंय. एवढ्यासाठी एवढी तालीम कशाला, असंही वाटलं.

सासुरवाडीत त्या दिवशी मटण होतं. जेवलो, अंमळ पडलो, आणि उठलो तेव्हा वस्तीवरची गाडी गेलेली होती. पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हणून हरभऱ्याचे डहाळे घेतले आणि घरची एसटी धरली.

फाट्यावर तात्या उभे होते. सकाळपासून तिथंच होते, असं चहावाल्यानं नंतर सांगितलं. माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली आणि काही न विचारता माझ्या तोंडाकडं बघत राहिले. गेलोच नाही, हे त्या तोंडाला सांगणं मला जमलं नाही.

“भेटली,” मी म्हणालो. “माघ म्हणाली.” माघ चालू होता, म्हणून माघ. दुसरं काही डोक्यात आलं नाही.

“गवत?”

“वाळलेलं.”

“मंजी घाटाखाली. भात काढल्याल्या रानात मेंढरं बसवली आसतील.”

“हो. तसंच म्हणाली.”

“वरंध्याच्या घाटाखाली?”

“हो.”

पुढच्या रविवारी जाऊन खरं विचारून घ्यायचं आणि चूक दुरुस्त करायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. त्याच आठवड्यात सरूआत्या वारली.

त्याआधीच तात्यांनी महिना सापडल्याचे पेढे गावभर वाटले होते. पुढच्या माघात हातात पिशवी घेऊन ते एकटेच निघाले आणि दोन-तीन दिवसांनी परत आले. त्याच्या पुढच्या माघातही तसंच. परत आले की काही दिवस कुणाला महिना विचारत नसत. शंकर चेष्टा करायचा, “तात्या, कोकणात बाई बघितली का काय?” तात्या म्हणायचे, “व्हय. लई वरसांनी गावली.” सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही, आणि का येत नाही हे मी स्वतःलाही नीट विचारत नव्हतो.

तिसऱ्या वर्षी त्यांचे गुडघे धरले. मला म्हणाले, “गुरुजी, तुमच्यामुळं म्हैना गावला. ह्या खेपंला तुमीच संगं चला.”

भोरवरून घाट उतरून आम्ही एका लहान गावात उतरलो. तात्या वाट ठाऊक असल्यासारखे चालत होते. भाताची खुंटं राहिलेलं एक खाचर लागलं. पूर्वी इथं धनगरांची मेंढरं बसायची, एवढं त्यांनी पहिल्याच वर्षी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून घेतलं होतं. बांधावर त्यांनी पिशवी उघडली. आत हिरवा खण होता, बांगड्या होत्या, नारळ होता. एकेक वस्तू त्यांनी मांडली. बांगड्या वाऱ्यानं हलू नयेत म्हणून त्यांच्याभोवती ढेकळं लावली.

“मी झालो आन् तिसऱ्या दिशी ती गेली,” ते म्हणाले. “कळप थांबत न्हाय. मेंढरं ज्या रानात, तितंच पुरली आन् तळ हालवला. म्हैना कळला तर कळप कुठवर आला आसंल ते कळतं, मंजी रान कळतं. जलमभर लोकांचं म्हैनं काढलं, ते हाताला वळण लागावं म्हनून. आपला गावंना.” मग खणाची घडी सारखी करत म्हणाले, “बापाला कदी इचारलं तर उठून जायाचा. तुमी इचारलंत. लई उपकार.”

तिथून पुढं गप्प राहता आलं नाही. मी सरूआत्याकडं गेलोच नव्हतो, हे सांगितलं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खणावरचा हात न काढता म्हणाले, “गवत?”

“मीच सांगितलं.”

“भाताचं रान?”

“ते तुम्ही म्हणालात. मी हो म्हणालो.”

आम्ही उतरून आलो तो घाट समोर दिसत होता. तात्या त्याच्याकडं बघत राहिले.

“तीन वरसं मला यायाला रान हुतं, गुरुजी,” ते म्हणाले. “आता परत समदी वाट झाली. हितून पार घरापतुर.”

त्यांनी मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी दिली नाही. ढेकळं बाजूला करून ते एकेक बांगडी पिशवीत परत ठेवू लागले. मी त्यांच्या शेजारी बांधावर बसलो. खण उचलायला त्यांचा हात पुढं झाला, तेव्हा मी तो धरला.

“तात्या, माझं चुकलं,” मी म्हणालो. “सांगणारी जिवंत होती आणि मी जेवून झोपलो. तुमची आई तुम्हाला सापडायची होती, ती माझ्यामुळं राहिली. मला माफ करा.”