आर्वीलरावांची उडी

नऊ मार्चच्या सामन्यात आर्वीलराव चेंडू टाकायला जे उडाले, ते दोन जूनपर्यंत खाली आले नाहीत. लोक फुगवून सांगतात, म्हणून मी नेमकं सांगतो: जमिनीपासून बुटाच्या तळव्यापर्यंत सव्वातीन फूट. टेप मीच धरली होती.

मी कराडच्या कृष्णाकाठ व्यायाम मंडळाचा वेळाधिकारी. एकतीस वर्षं बास्केटबॉलच्या सामन्यांचं घड्याळ माझ्या हातात आहे आणि सेकंदाची लबाडी मला खपत नाही. मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून अध्यक्षांनी हौसेने अमेरिकेचा खेळाडू आणला, ऑर्विल पेटीग्रू. पेठेने आठवड्याभरात त्यांचा आर्वीलराव केला. वय एकोणचाळीस. तुर्कस्तान, फिलिपिन्स, उरुग्वे असे अकरा देश खेळून झालेले. स्वतःच्या देशात मात्र कुणी संघात घेतलं नाही. हा त्यांचा शेवटचा सामना होता. गुडघे कधीपासूनच रजा मागत होते.

ते उडाले तेव्हा तीन सेकंद बाकी होते आणि आम्ही एकोणीस गुणांनी मागे. पंच शेंडेसरांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग शिट्टी मारून मला घड्याळ थांबवायला सांगितलं. बाकीच्या नऊ खेळाडूंच्या पावलांभोवती त्यांनी खडूने रेघा ओढल्या आणि त्यांना जेवायला सोडलं.

मी खाली उभा राहून विचारलं, काय विचार आहे? आठ महिन्यांत आर्वीलरावांनी कामापुरतं मराठी उचललं होतं.

"आई येऊ दे," ते म्हणाले.

त्यांच्या आईने त्यांचा एकही सामना पाहिला नव्हता. मुलगा कायम समुद्रापलीकडे खेळायचा आणि बाई विमानात पाऊल टाकायला तयार नसायची. आता पाय टेकले की खेळणंच संपलं, मग तिला दाखवणार काय? अध्यक्षांनी तार केली. उत्तर आलं, बोटीने निघते.

मग काय, आम्हीही कामाला लागलो. डबा आंबे काढायच्या झेल्यातून वर जायचा. त्यांना कुणी हात लावायचा नाही, अशी शेंडेसरांची सक्त ताकीद होती. हात लागला तर आधार घेतला असं होईल आणि उडी बाद. उजव्या हातात चेंडू, त्यामुळे आर्वीलराव डाव्या हाताने जेवत. पेठेतल्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही, पण भाकरी पुरली का, हे रोज विचारत. त्यांच्या डाव्या बुटाची नाडी उडतानाच सुटली होती, ती तशीच लोंबत राहिली. ती बांधायला सगळ्यांचे हात शिवशिवायचे.

एकतीस मार्चला व्हिसा संपला. दुसऱ्याच दिवशी परदेशी नागरिकांच्या कचेरीतले बोधनकर फाइल घेऊन हजर. शेंडेसरांनी नियमपुस्तक उघडून दाखवलं: हवेतला खेळाडू जिथून उडाला तिथेच आहे, असं धरायचं.

"आणि जेव्हा उडाला तेव्हाच?" बोधनकरांनी विचारलं.

"घड्याळ बंद आहे," शेंडेसर म्हणाले. "तेव्हाच."

बोधनकरांनी तो नियम दोनदा वाचला, 'खेळाडू उतरल्यावर कार्यवाही' असा शेरा मारला, आणि थोडा वेळ बसलं तर चालेल का, असं विचारलं. नंतर ते रोजच येऊन बसायला लागले.

मे महिन्यात आर्वीलरावांचा उजवा खांदा थरथरायला लागला. चेंडू सुटला असता तर खेळ सुरू, तीन सेकंदांत सगळं खलास, आणि ती माउली तिकडे कुठेतरी बोटीवर. मी माणूस कडक, पण रोज उठल्या उठल्या मैदानावर जायचो. ते वर दिसले की हात आपोआप जोडले जायचे. मग घरी येऊन चहा प्यायचो.

दोन जूनला बाई एसटीने आल्या. एकोणऐंशी वर्षांच्या, माझ्या खांद्याएवढ्या. मुलाला वर पाहून दचकल्या नाहीत. लहानपणीही जेवायला हाक मारली की असाच वेळ लावायचा, एवढंच म्हणाल्या, आणि पहिल्या रांगेत बसून त्यांनी चष्मा पुसला.

नऊ जण आपापल्या रेघांत उभे राहिले. शिट्टी झाली. मी घड्याळ सुरू केलं. चेंडू सुटला आणि रिंगला न शिवता जाळीतून खाली आला. वेळ संपली. आम्ही सतरा गुणांनी हरलो. अख्खी पेठ उभी होती.

आर्वीलराव मात्र वरच. शेंडेसर घाईघाईने पुस्तक चाळू लागले. सामना संपल्यावरही हवेत असलेल्या खेळाडूबद्दल त्यात काहीच नव्हतं. तेवढ्यात बाई उठल्या, पर्स खुर्चीवर ठेवली आणि मुलाच्या पायाशी गेल्या. नाडी बरोबर त्यांच्या हाताशी येत होती. त्यांनी ती ओढून घेतली, दुहेरी गाठ मारली आणि बुटावर हळूच थापटलं.

"दिसलं रे मला," त्या म्हणाल्या. "चल आता घरी."

ते उतरले, एसटीच्या पायरीवरून उतरावं तसे. मला रडू आवरेना. बोधनकरांनी फाइल उघडून मला वेळ विचारली. मी डोळे पुसले, घड्याळ त्यांच्यापुढे धरलं आणि माझ्या तक्त्यावर लिहिलं: सामन्याचा एकूण कालावधी, चाळीस मिनिटे.