नामाभाऊंच्या दोन गाड्या

आमचे शेजारी नामाभाऊ आणि त्यांच्या पत्नी शांतावहिनी कधीही एका गाडीत बसत नसत. सेलूला लग्न असो की वर्ध्याला दवाखाना, केळझरच्या स्टॉपवर पहिली एस.टी. आली की नामाभाऊ वहिनींना चढवून देत आणि स्वतः रुमाल झटकून मागच्या गाडीची वाट पाहत. मी गावात मास्तर म्हणून नवा होतो, तेव्हा मला वाटलं, नवरा-बायकोचं बिनसलंय. समेट घडवायला गेलो, तर वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या.

"भांडन कायचं गुरुजी, तो त्याईचा कायदाच हाय."

कायदा असा, की एकाच्याच भरोशावर राहायचं नाही. वाडीतली वांगी वर्ध्याच्या बाजारात जायची, ती अर्धी पहिल्या गाडीच्या टपावर आणि अर्धी दुसरीच्या. नारळ फोडला की एक भकल, म्हणजे अर्धी वाटी, गणपतीला, दुसरी मारुतीला. "गणपतीच्या मागं का कमी लोकं हायेत? एकाच देवावर सारा भार नाई टाकू," असं म्हणत. विजेची तर त्यांना वाघापेक्षा जास्त भीती. विहिरीवरची मोटर लावायची म्हणजे पायात रबरी चप्पल, चपलेखाली लाकडी पाट, आणि एवढं करून बटण काठीनं दाबायचं. मोटर सुरू झाली की ते आधी मागे उडी मारत, मग पाणी बघत.

अशा माणसाच्या पोटी वर्षा जन्माला आली. एकुलती एक. सातवीत असताना तिनं वरची लाइन बंद करून बिघडलेल्या स्टार्टरचा डबा पेचकसानं उघडला आणि नीट करून दाखवला. तोवर नामाभाऊ वांग्यांच्या ओळीत डोळे मिटून उभे होते. तोंडानं गणपती आणि मारुती, दोन्ही चालू.

पुढच्या वर्षी विषय निवडायची वेळ आली. टेक्निकल घेतलं तर हिंदी-संस्कृत सुटायचं, पण आठवड्यातून दोनदा वर्ध्याच्या केंद्रात जावं लागायचं. तिथे लेथ मशीन आणि वायरिंग. एकदा घेतलेला विषय दहावीच्या बोर्डापर्यंत बदलता येत नसे. आमच्या गावातून तोवर एकही मुलगी तिकडे गेली नव्हती. वर्षानं मात्र टेक्निकलच धरलं. मी हिंदीचा मास्तर, तरी म्हटलं, जा बाई.

झालं! गावाला उद्योग मिळाला. कुणी म्हणालं, मशीनमध्ये वेणी अडकते. कुणी म्हणालं, बोर्डात टेक्निकलवालेच आपटतात. नामाभाऊंचं जेवण सुटलं. सकाळीच माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"गुरुजी, अर्धं टेक्निकल, अर्धं हिंदी, असं नाई जमत काय?"

"नाही."

"मंग चार मयने हे, चार मयने थे?"

"अहो नामाभाऊ, ही काय वांगी आहेत?"

"थेच तं म्हनतो ना! वांगे सडले तं दुसरे लावता येते."

मी हसलो, पण ते हसले नाहीत. दुपारी वर्षानंही शाळेत हळूच विचारलं, "सर, खरंच वेनी अडकते काय जी?" मी जन्मात लेथ मशीन पाहिलेलं नव्हतं. "छे छे!" असं मोठ्यानं म्हणालो खरा, पण तिच्या वेणीकडे पुन्हा एकदा पाहिलं. पोरीला काही झालं असतं तर नामाभाऊंना तोंड कसं दाखवलं असतं?

संध्याकाळी वहिनींना म्हटलं, "जरा समजवा हो त्यांना." त्या पालक निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याईचे मायबाप लग्नाले गेलते, गुरुजी. वापस येताना नाल्याले पूर होता. हे लहान, तापानं घरीच होते. एकाच बैलबंडीत होते जी दोघंबी."

त्यानंतर मी त्या कायद्याची थट्टा केली नाही. वर्षाला समजावून हिंदीत बसवावं, असंही मनात येऊन गेलं.

विषय नोंदवायच्या शेवटच्या दिवशी नामाभाऊ शाळेच्या दारात उभे. आत यायला तयार नाहीत. तिथूनच म्हणाले, "लिवून टाका टेक्निकल. पोरगी रडून राह्यली, पन मांगं नाई हटून राह्यली." आणि तसेच टेकडीवरच्या देवळात गेले. त्या दिवशी गणपतीपुढे त्यांनी दोन्ही भकला ठेवल्या, असं पुजाऱ्यानं मला आश्चर्यानं सांगितलं.

वर्षाचा केंद्रातला पहिला दिवस उजाडला. वेणी तिनं घट्ट अंबाड्यात बांधली होती. पहिली गाडी आली, ती चढली, खिडकीतून हात हलवला. नामाभाऊंनी हात वर केला नाही. गाडी वळणाआड गेली तरी ते तिकडेच बघत होते.

"वांग्याचे दोन हिस्से होते, गुरुजी," ते म्हणाले. "हिचे कसे करू?"

तेवढ्यात मागची गाडी आली. मी सवयीनं वांग्यांच्या टोपल्या उचलायला वाकलो, तर खाली एकही टोपली नव्हती. नामाभाऊ रिकाम्या हातानं चढले आणि कंडक्टरला म्हणाले, "वर्धा. जरा लवकर घ्या जी, समोरच्या गाडीत पोरगी हाय."