छापील असेल तर वाजते

"पंखा बंद करा! अन् त्या बकरीले कोनीतरी तिकडं न्या!"

माजरीच्या आमच्या कॉलनीत ही आरोळी उठली की समजायचं, शेजारचे नामाभाऊ सीडी ऐकायला बसले. तेही मे महिन्यात, जेव्हा माजरीतले कावळे सावलीसाठी एकमेकांच्या मागे रांग लावतात. खाणीतल्या पंपाशेजारी नोकरी करून भाऊंचा डावा कान कायमचा रजेवर गेला होता. उजवा ओव्हरटाइम करायचा.

मशीन त्यांनी बदली झालेल्या एका साहेबाकडून घेतलं होतं. वजनाला म्हशीच्या वगारीएवढं. ते बनलं होतं हाय-रेझोल्यूशनच्या खास तबकड्यांसाठी, आणि तसली एकही तबकडी अख्ख्या चंद्रपुरात मिळेना. एका दुकानदारानं तर भाऊंना चष्म्याच्या दुकानात पाठवलं. मग काय, साध्याच सीड्या. भाऊंना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट त्यांना सिद्धांत सापडला.

"सायबाच्या घरी सायब गेला तं चहा भेटतेच," ते म्हणायचे. "सादा मानूस गेल्यावर कसा वागते, थे पाहा."

आणि मशीन खरंच वागायचं हो! माझ्या स्वस्तातल्या प्लेअरवर तबला वाजला की पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटे. तीच सीडी भाऊंच्या मशीनवर लावली की तबलजीनं पान कुठल्या गालात धरलंय तेही कळायचं. निदान मी तसं शपथेवर सांगत असे. त्याशिवाय भाऊ चहा मागवत नसत.

एक दिवस एटापल्लीहून पाकीट आलं. तिथे भाऊंची एकुलती एक मुलगी रेखा नर्स होती. तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलाशी तिनं कोर्टात लग्न केलं, तेव्हा भाऊंनी जाहीर केलं होतं, "पत्रिका छापली नाई, थे लग्न मी मानत नाई." तेव्हापासून येणं-जाणं बंद. नात झाली, बोलू लागली, गाऊ लागली; भाऊंनी तिला पाहिलंही नव्हतं. पाकिटात तिच्याच गाण्याची सीडी होती, फोटो स्टुडिओवाल्याकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली. वर स्केचपेननं 'आबासाठी'.

भाऊंनी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. पंखा बंद झाला, बकरी पलीकडच्या गल्लीत गेली. मशीननं सीडी आत घेतली, घरघरलं, बराच विचार केला आणि काचेवर इंग्रजीत लिहून मोकळं झालं की आत सीडीच नाही. भाऊंनी सदऱ्यानं पुसून पुन्हा घातली. पुन्हा तेच.

मी म्हणालो, भाऊ, असली काही भारी मशिनं कंपनीच्या छापील सीड्याच वाचतात, घरी उतरवलेली घेत नाहीत. माझा प्लेअर घेईल, या माझ्याकडे.

"नातीचा आवाज पैल्यांदा दुसऱ्याच्या घरी ऐकू?" ते म्हणाले.

वैनी, म्हणजे रेखाची आई, दारात भाजी निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "मशीन तुमच्यावरच गेली. छापील नाई, थे मानत नाई."

भाऊंनी स्वतः उठून पंखा सुरू केला. त्या दिवशी पुन्हा आरोळी आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एटापल्लीच्या यष्टीत होतो. मला सोबत घेतलं ते सीडी धरायला माणूस पाहिजे म्हणून. एकट्यानं जायची हिंमत नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आल्लापल्लीच्या पुढे यष्टी अशी उसळत होती की माझी टोपी तीनदा पुढच्या बाईच्या डोक्यावर गेली. भाऊंचं लक्षच नव्हतं. ते ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होते. मला वाटलं, माफीचं भाषण असणार.

रेखानं दार उघडलं. भाऊ सगळं घोकलेलं विसरले. माझ्या हातातली सीडी ओढून त्यांनी तिच्यासमोर धरली.

"हे वाजून नाई राह्यली."

रेखानं सीडीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"गानारी आत आहे," ती म्हणाली. "चपला काढा."